आखाजी, हळद, बट्टी पार्टी: बटाट्याच्या सॅलडसाठी कोणतं मेयोनीज घ्यावं

जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात आता मेयोनीजला एक आख्खी फळी मिळालेली दिसते. सँडविचला लावायचं असेल तर त्यातलं काहीही उचला, फारसं बिघडत नाही. पण क्रीमी बटाट्याचं सॅलड करायचं असेल, तेही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींसाठी किंवा मे महिन्यातल्या हळदीच्या जेवणाला, तर चुकीचा पाऊच सगळी परात वाया घालवतो. सकाळी घट्ट दिसणारं सॅलड दुपारी पाणी सोडतं, नाहीतर कोरडं पडतं, आणि बहुतेक वेळा नको तितकं गोड लागतं.

निकाल आधीच सांगतो. नुसत्या विकतच्या एगलेस मेयोवर हे सॅलड चांगलं होत नाही. जास्त तेलाचं, कमी साखरेचं मेयो घ्यायचं, त्यात निम्मा चक्का आणि फेसलेली मोहरी घालायची, की काम होतं. ब्रँडची नावं मुद्दाम घेत नाही, कारण एकाच कंपनीच्या तीन पॅकमध्ये तीन वेगळे माल असतात. पॅकची मागची बाजू वाचता आली की नाव लागत नाही.

लग्नाच्या बुफेत ‘रशियन सॅलड’ म्हणून अननसाचे तुकडे घातलेलं जे गोडमिट्ट पांढरं प्रकरण मिळतं, ते हे नव्हे. ते मूळ सॅलड मॉस्कोच्या हर्मिटेज रेस्टॉरंटमध्ये ल्युसियाँ ऑलिव्हिए या आचाऱ्याने १८६०च्या दशकात काढलं. आपल्या बुफेपर्यंत येता येता त्याची पार रया गेली. इथे बोलतोय ते अमेरिकन पद्धतीचं बटाट्याचं सॅलड: बटाटा, मेयो, मोहरी, उकडलेलं अंडं, सेलरी, व्हिनेगरमधली काकडी. आंबट, खारट, किंचित तिखट, आणि गार. वरण-बट्टीच्या किंवा शेवभाजीच्या ताटात ते फार छान बसतं, कारण बाजूला तेल-तिखट भरपूर असतं आणि हे जीभ शांत करतं. म्हणूनच ते गोड असून चालत नाही.

पॅकच्या मागे काय बघायचं

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिलं नाव तेलाचं आहे की पाण्याचं, एवढ्यावर अर्धा निर्णय होतो. त्याखालच्या पोषणाच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे फॅट किती आणि साखर किती, हे दोन आकडे बघा. बाकीचं सोडून द्या.

पहिला प्रकार: तेल पहिलं, फॅट साधारण ६० ग्रॅम किंवा जास्त. हा माल बेकरी-केकचं साहित्य विकणाऱ्या दुकानात किंवा हॉटेलांना माल पुरवणाऱ्यांकडे एक किलोच्या पाऊचमध्ये मिळतो आणि बाटलीपेक्षा किलोमागे स्वस्त पडतो. याचा घट्टपणा तेलाच्या बारीक थेंबांमुळे आलेला असतो, त्यामुळे तोंडात विरघळतो आणि जिभेवर लुकण राहत नाही. व्हिनेगर घातलं तरी एकदम पातळ होत नाही. दोष एकच, पण मोठा: गरम बटाट्यावर घातलं की फुटतं. थेंब एकमेकांत मिसळतात आणि परातीच्या तळाशी तेल दिसायला लागतं. बटाटा कोमट होईपर्यंत थांबायची तयारी असेल तर हाच घ्यावा. पाचपैकी चार.

दुसरा प्रकार: बर्गर-फ्रँकीवाल्यांचा. यादीत पाणी वर, मग तेल, साखर, आणि मागोमाग सुधारित स्टार्च, म्हणजे १४२२, १४४२ किंवा १४५० असे आकडे. जोडीला ४१५, म्हणजे झँथन गम. फॅट बहुधा ३० ते ४५ ग्रॅम. हा माल गरमीत फुटत नाही, गाडीवाल्याला तेच हवं असतं. सॅलडमध्ये मात्र बटाटा त्यातलं पाणी पिऊन घेतो आणि चार तासांनी उरतो चिकट लेप, खळीसारखा. साखर १०० ग्रॅममागे ५ ग्रॅमच्या वर गेली की मोहरी-व्हिनेगर कितीही घाला, गोडवा झाकत नाही. पाचपैकी अडीच. घरात हाच उघडलेला असेल तर चक्क्याचं प्रमाण वाढवा आणि मीठ शेवटी चाखून घाला.

‘लाइट’ किंवा ‘लो फॅट’ लिहिलेलं घेऊच नका. तब्येतीसाठी कमी खायचं असेल तर चांगलं मेयो कमी घाला. तंदुरी, पुदिना, लसूण हे स्वादाचे प्रकारही या कामाचे नाहीत. त्यांतला वाळलेला लसूण दुसऱ्या दिवशी इतका वर येतो की बटाटा हरवून जातो.

अंड्याचं बाटलीबंद मेयो, पॅकवर तपकिरी खूण असलेलं, चवीला सगळ्यांत सरस असतं. पिवळ्या बलकातला लेसिथिन हा घटक तेलाला धरून ठेवतो आणि साखर कमी लागते. खानदेशात ते सहज मिळत नाही, शहरातल्या मोठ्या दुकानात शोधावं लागतं. एक मात्र ध्यानात घ्या: कंपनीच्या बाटलीत पाश्चराइज केलेलं अंडं असतं, पण शॉर्मा-मोमोच्या गाड्यांवर कच्च्या अंड्याचं घोटलेलं मेयो असू शकतं. केरळने जानेवारी २०२३मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोवर बंदी घातली, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४मध्ये एक वर्षासाठी, तमिळनाडूने एप्रिल २०२५पासून एक वर्षासाठी. कारण साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू. आपल्या ४३-४४ अंशांच्या उन्हाळ्यात, पन्नास माणसांच्या पंगतीसाठी, कच्च्या अंड्याचं मेयो घरी घोटायचा विचारही करू नये.

घरीच करायचं तर दुधाचं करा. १०० मिली फ्रीजमधलं गार दूध, २०० मिली रिफाइंड तेल, अर्धा छोटा चमचा मीठ उंच अरुंद भांड्यात घ्या आणि हँड ब्लेंडर तळाला टेकवून सुरू करा. पहिले दहा-पंधरा सेकंद तो हलवायचा नाही. खाली घट्ट झालं की हळूहळू वर उचलायचा. व्हिनेगर किंवा लिंबू शेवटी, एक मोठा चमचा. आंबट आधी घातलं तर दूध फाटतं. मिक्सरच्या रुंद भांड्यात हे बऱ्याचदा जमत नाही, कारण पातं तेलाला दुधात नीट ओढून घेत नाही. शेंगदाण्याचं घाण्याचं तेल आपल्याकडे घरोघरी असतं, पण सगळं तेच वापरलं तर सॅलडला कच्च्या दाण्यांचा वास लागतो. एक तृतीयांश घाण्याचं आणि बाकी रिफाइंड, इथपर्यंत बरं लागतं. हे मेयो फ्रीजमध्ये दोन दिवस, त्यापुढे नाही.

दुकानातून उचलतानाही बघून घ्या. दाराशी उन्हात ठेवलेल्या बाटलीच्या तोंडाशी पिवळसर तेलाचा कडा दिसला तर ती परत ठेवा. घरी आणल्यावर फ्रीजरच्या कप्प्याजवळ, मागच्या भिंतीला टेकवूनही ठेवू नका. मेयो गोठलं की फुटतं आणि पुन्हा जुळून येत नाही.

प्रमाण

एक किलो सोललेल्या बटाट्याला २०० ग्रॅम मेयो, १०० ग्रॅम चक्का, एक छोटा चमचा पिवळ्या मोहरीची पूड, तीन उकडलेली अंडी, एक मध्यम कांदा, एक काकडी, अर्धी छोटी कैरी, अर्धा छोटा चमचा मिरपूड. व्हिनेगर वेगळं, ते पुढे येईल. इतर चार पदार्थ असतील तर एका किलोत आठ-दहा माणसं होतात. पंचवीस जणांना अडीच किलो बटाटा पुरतो. अंडं न खाणारे असतील तर ते सरळ गाळा, त्याच्या जागी पनीर वगैरे घालायची गरज नाही.

चक्का श्रीखंडाच्या हंगामात डेअरीत तयार मिळतो. घ्यायच्या आधी चाखा. आंबट झालेला असेल तर सॅलडमध्ये तो आणखी आंबट होत जातो. घरी बांधायचा असेल तर गोडसर दही फडक्यात बांधून चाळणीत ठेवा आणि चाळणी फ्रीजमध्ये. मे महिन्यात खुंटीला टांगलेलं दही पाणी गळेपर्यंत आंबून जातं.

मोहरी फेसायला आपल्याला कुणी शिकवायला नको, पण घाईत एक गोष्ट राहून जाते: पूड आधी गार पाण्यात भिजवायची आणि दहा मिनिटं ठेवायची. मोहरीचा झणका तिच्यातलं एन्झाइम ओलं झाल्यावर तयार होतो. गरम पाणी किंवा सुरुवातीलाच व्हिनेगर घातलं तर ते एन्झाइम काम करत नाही आणि हाती नुसता कडवटपणा येतो. बाटलीतलं पिवळं मस्टर्ड सॉस असेल तर एक मोठा चमचा घ्या; त्यात मीठ-व्हिनेगर असतं, तेवढं बाकीचं कमी करा.

सेलरी आपल्या बाजारात क्वचित दिसते. तिचं काम कुरकुरीतपणाचं असतं. ते पातीच्या कांद्याचे पांढरे दांडे आणि अगदी बारीक चिरलेली कैरी करते, आणि कैरीमुळे आंबटपणाही येतो. काकडीच्या बिया काढा, बारीक चिरा, मीठ लावून वीस मिनिटं ठेवा आणि मुठीत घट्ट पिळा. ही एक पायरी गाळली तर उरलेली सगळी मेहनत पाण्यात. सॅलड पाणी सोडतं ते शंभरात ऐंशी वेळा काकडीमुळे, आणि शिव्या मेयोला बसतात.

बटाटा

मेयोवर इतकं लिहिलं, पण चव खरी ठरते ती बटाट्यावर. सॅलडला मेणासारखा घट्ट बटाटा लागतो, शिजल्यावर फोडीची कड टिकवणारा. वेफर्ससाठी पिकवलेले चिप्सोना जातीचे बटाटे पिठूळ असतात, त्यांचा भरता छान होतो, सॅलड होत नाही. पुखराज जातीत पिष्ट कमी, तो फोडी धरतो. ज्योती दोन्हींच्या मधली, जपून शिजवली तर चालते. अडचण अशी की बाजारात जात सांगून कुणी विकत नाही. ‘इंदुरी’, ‘आग्रा’ एवढंच कळतं, आणि त्यावरून गावाचा पत्ता लागतो, जातीचा नाही.

मग घरी परीक्षा करा. एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवा आणि त्यात एक कच्चा बटाटा सोडा. तरंगला तर घट्ट जातीचा, सॅलडला घ्या. बुडाला तर पिठूळ, बटाटावड्याला ठेवा. पिष्ट जास्त असलेला बटाटा जड असतो म्हणून बुडतो. पाच किलो घ्यायच्या आधी पाव किलो आणून हे करून बघितलेलं बरं.

मे-जूनमध्ये येणारा बराचसा बटाटा कोल्ड स्टोरेजचा असतो. तीन-चार अंशांत महिनोन् महिने राहिला की पिष्टाची साखर होते आणि बटाटा गोड लागतो. त्यात गोड मेयो पडलं की खीरच. असा बटाटा आठ-दहा दिवस घरात कोरड्या, काळोख्या जागी टोपलीत ठेवला तर गोडवा बराच उतरतो.

शिजवणं

कुकर टाळा. दोन शिट्ट्यांत मोठा बटाटा मधे कडक राहतो आणि लहान फुटून जातो, आणि झाकण उघडेपर्यंत आत काय चाललंय ते कळत नाही. सोलून दोन सेंटिमीटरच्या फोडी करा, एकदा धुऊन वरचं पिष्ट काढा, गार पाण्यात टाका. उकळत्या पाण्यात टाकल्या तर बाहेरून गळतात आणि आतून कच्च्या राहतात. एक लिटर पाण्याला दोन छोटे चमचे मीठ आणि एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर. आंबटामुळे पेशी धरून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही, फोडीला कड राहते. व्हिनेगर याहून जास्त नको, नाहीतर बटाटा अर्धा तास शिजवला तरी दाताला करकर लागतो.

उकळी आली की आच बारीक. पाणी नुसतं थरथरलं पाहिजे, खळखळलं की फोडी एकमेकींवर आपटून झिजतात. तिथून आठ-दहा मिनिटं. बोअरचं जड पाणी असेल तर दोन-तीन मिनिटं जास्त धरा, त्यातल्या कॅल्शियममुळे बटाटा उशिरा मऊ होतो. सुरीचं टोक आत सहज जावं, पण उचलल्यावर फोड सुरीवरून आपोआप घसरू नये.

चाळणीत उपसा आणि लगेच परातीत एकाच थरात पसरा. वाफ निघत असतानाच किलोमागे दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि अर्धा छोटा चमचा मीठ शिंपडा. गरम बटाटा ते आत ओढून घेतो. गार झाल्यावर घातलं तर बाहेरच राहतं आणि सॅलड वरून आंबट, आतून सपक लागतं. मग पंख्याखाली वीस-पंचवीस मिनिटं. गंजात, म्हणजे पातेल्यात, भरून वर झाकण ठेवलं तर वाफेचं पाणी परत फोडींवरच गळतं.

हाताला कोमट लागल्या की मूठभर फोडी काट्याने चुरडा. या चुऱ्यामुळे मेयो आणि चक्का फोडींना धरून बसतात. मेयो, चक्का, मोहरी, मिरपूड आधी वेगळ्या वाडग्यात कालवून घ्या, त्यातला पाव भाग बाजूला काढा, बाकीचा रबरी चमच्याने खालून वर उलटवत मिसळा. कांदा बारीक चिरून पाण्यातून काढलेला असावा, नाहीतर रात्रीत उग्र होतो. अंडं सगळ्यांत शेवटी, जाडसर चिरून. किमान तीन-चार तास फ्रीजमध्ये. बाजूला काढलेला पाव भाग वाढण्याच्या आधी मिसळा. एवढ्या वेळात बटाट्याने आधीचा ओलावा शोषलेला असतो, वरच्या ताज्या थराने चमक परत येते.

उन्हाची गोष्ट

विकतचं मेयो स्वतः आंबट असतं, त्यात जंतू सहज वाढत नाहीत. खराब होतो तो उकडलेला बटाटा आणि अंडं, आणि त्यात हात घातला की आणखी लवकर. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे दोन तासांहून जास्त ठेवू नये. बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. भुसावळच्या मे महिन्यात तो एक तासच धरायचा, मंडपात कूलर असला तरी.

मोठ्या टोपात पाच किलो सॅलड फ्रीजमध्ये ठेवलं तर कडेने गार होतं आणि मधे तासन् तास कोमट राहतं. पाच-सहा सेंटिमीटर उंचीच्या पसरट डब्यांत भरा. वाढायला परातीत फोडलेला बर्फ, त्यावर मूठभर खडेमीठ, त्यात स्टीलचा वाडगा. एका वेळी किलोभरच बाहेर काढा, संपलं की नवा वाडगा. उरलेल्यावर ताजं ओतून वाडगा भरणं ही केटररच्या पोरांची सवय. तिथे एक माणूस उभा करा. शेतात बट्टी पार्टीला न्यायचं असेल तर बटाटा आणि मेयोचं मिश्रण थर्माकोलच्या पेटीत बर्फावर वेगवेगळं न्या आणि बट्ट्या फोडायला घेतल्या की तिथेच कालवा.

बटाटा न खाणारे जैन पाहुणे असतील तर खानदेशात उत्तर घरचंच आहे: कच्ची केळी. सालीसकट, दोन्ही टोकं कापून पंधरा मिनिटं उकडा, गार झाल्यावर सोला आणि तशाच फोडी करा. अंडं आणि कांदा गाळा, कैरी थोडी वाढवा. केळी मेयो बटाट्याहून लवकर शोषतात, म्हणून पाव भागाऐवजी तिसरा भाग शेवटासाठी राखा. आणि साल काळी पडली तरी घाबरू नका, आतला गर पांढराच राहतो.

पाऊचमध्ये मेयो उरलं तर तोंडाला क्लिप लावून फ्रीजच्या दारात खोचू नका. दार उघडझाक करताना तिथलं तापमान सारखं वर-खाली होतं. कोरड्या काचेच्या बरणीत काढा, आतल्या कप्प्यात ठेवा आणि उघडल्याची तारीख झाकणावर लिहा. किती दिवसांत संपवायचं ते पॅकवर छापलेलं असतं, तो कोपरा कापून बरणीला चिकटवला तर दोन महिन्यांनी वास घेऊन अंदाज बांधायची वेळ येत नाही.